कमी ऐकू येतं म्हणून पार सोडायचा नाही. शेतात, जत्रेत आणि घरात असं वावरता येतं

सातारा/सांगली : संध्याकाळी पारावर आठ-दहा जण बसलेले असतात. उसाचा दर, पाऊसपाणी, कुणाची सोयरीक, असं काहीबाही चाललेलं असतं. मधेच कोणी टोमणा मारतं आणि सगळे हसतात. त्यांच्यातला एक म्हातारा मात्र क्षणभर उशिरा हसतो. टोमणा त्याला कळलेला नसतो, बाकीचे हसले म्हणून तो हसलेला असतो. पुढं काही महिन्यांनी तो पारावर यायचाच बंद होतो. विचारलं तर घरचे सांगतात, "गुडघं दुखत्यात." गुडघे खरंच दुखत असतील, पण पार सुटायचं कारण बहुतेक वेळा कान असतो.

दोन्ही जिल्ह्यांत असं गाव सापडणार नाही जिथं असा एखादा माणूस नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं जगात ४३ कोटी लोकांना कानाच्या उपचाराची किंवा यंत्राची गरज आहे. चष्मा लागला की माणूस दुसऱ्या दिवशी तो घालून पारावर येतो, त्याला कोणी हसत नाही. कान कमी आला की मात्र "कानात बोळं घातल्यात व्हय?" हे ऐकावं लागतं, आणि नेमकं तेवढंच त्याला ऐकू येतं. त्यामुळं माणसं वर्षानुवर्षं लपवतात. तोपर्यंत शेत, जत्रा, लग्नकार्य, नातवंडांच्या गप्पा असं एकेक सुटत जातं.

ऐकू येतंय, पण कळत नाही

घरच्यांची नेहमीची तक्रार असते की "तात्यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतंय." यात तात्यांची लबाडी नसते. वयानं किंवा गोंगाटानं कान जातो तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर जाड पट्टीचे आणि जोरकस असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, त, थ, क ही अक्षरं बारीक पट्टीची. ती आधी गळतात. मग "सात वाजता टँकर येणार" हे वाक्य तात्यांच्या कानात "आठ वाजता" असं पडतं. ते आठला डोक्यावर किटली घेऊन जातात, टँकर तासापूर्वी गेलेला असतो, आणि घरात भांडण होतं.

म्हणून ओरडून उपयोग होत नाही. ओरडलं की स्वर मोठे होतात, अक्षरं आहेत तेवढीच राहतात. वरून तोंड वाकडं होतं, त्यामुळं ओठ वाचणंही अवघड जातं. शिवाय अशा कानाची आणखी एक खोड असते. हळू बोललं तर ऐकू येत नाही आणि जरा आवाज चढवला तर कानात दणका बसतो. "मोठ्यानं बोल" म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्याला "वरडतोस कशाला?" म्हणतो, त्याचं कारण हेच आहे.

कान जातो कशानं

सगळ्यात सोपं कारण म्हणजे मळ. कानात मळ घट्ट बसून पार दडा बसलेली माणसं डॉक्टरकडं जाऊन दहा मिनिटांत मोकळी होतात. फक्त जत्रेत कान कोरणाऱ्याकडून, किंवा घरी काडी, पिन, किल्ली घालून तो काढायचा नाही. पडद्याला भोक पडायला वेळ लागत नाही.

दुसरं कारण फुटका कान. लहानपणी सर्दी-पडशानं कान फुटतो, पू येतो, लोक कोमट तेल घालतात, लसूण घालतात आणि विसरून जातात. पडद्याला भोक तसंच राहतं. तेलानं ते बुजत नाही, उलट बुरशी लागते. ऑपरेशन करून पडदा बसवता येतो. फुटक्या कानातून घाण वासाचा पू येत असेल, कानामागं सूज असेल किंवा चक्कर येत असेल तर थांबूच नये. ते दुखणं हाड खात मेंदूकडं सरकू शकतं.

तिसरं कारण गोंगाट, आणि आपल्या भागात त्याची कमी नाही. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्याच्या कानाशी आवाज ९० डेसिबलच्या घरात जातो. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, साखर कारखान्यातली मिल, विट्यातले यंत्रमाग, सगळ्यांचं तेच. ट्रॅक्टरवाला मागचं औजार बघायला मान वळवून बसतो, त्यामुळं त्याचा एक कान कायम इंजिनाकडं राहतो आणि तोच आधी जातो. तज्ज्ञांचा ठोकताळा असा : ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही हद्द. त्यापुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. डॉल्बीपुढं रात्रभर नाचणाऱ्या पोरांनी हा हिशोब स्वतःच करावा. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती मिरवणुकीत किती पाळली जाते हे गावोगाव सगळ्यांना माहीत आहे. मेडिकलमध्ये फोमचे बोळे थोड्या पैशात मिळतात. मळणीला उभं राहताना ते घातले तर कोणी हसणार नाही, आणि हसलं तर हसू द्यावं.

काही औषधांनीही कान जातो. क्षयरोगाची पूर्वी दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिनसारखी इंजेक्शनं त्यातलीच. अशी इंजेक्शनं चालू असताना कानात शिट्टी वाजायला लागली तर लगेच डॉक्टरला सांगावं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवावीच : सकाळी उठल्यावर एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर "सर्दी असंल, जाईल" म्हणून आठवडा काढू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडं जावं. त्यावर औषध आहे, पण ते पहिल्या काही दिवसांतच लागू पडतं.

मामाच्या पोरीशी लग्न करायची आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या चाल आहे. नात्यातल्या लग्नात जन्मतः बहिरं मूल होण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टर सांगतात आणि लोक ऐकून सोडून देतात. घराण्यात आधीच मूकबधिर मूल असेल तर पुढची नात्यातली सोयरीक जमवण्याआधी डॉक्टरचा सल्ला घेतलेला बरा. आत्यानं रुसलं तरी चालेल.

रानात एकटं असताना

शेतकरी कानावर जेवढं काम करतो तेवढं त्यालाही माहीत नसतं. मोटर पाणी ओढतेय की कोरडी फिरतेय हे तो आवाजावरून सांगतो. कान कमी आला की मोटर जळाल्यावरच कळतं. अशा माणसानं पाइपावर हात ठेवून बघायची सवय लावावी. पाणी चालू असेल तर पाइप गार आणि भरलेला लागतो. स्टार्टरवरच्या अँपिअरच्या काट्याकडं बघावं. मोटर कोरडी पडली तर काटा एकदम खाली येतो. पेटीवर लाल-हिरवा दिवा बसवून घेतला तर बांधावरूनही दिसतं.

गाय माजावर आली की हंबरते. ते हंबरणं ऐकू आलं नाही तर एकवीस दिवस गेलेच, आणि दुधाचं गणित पुढं ढकललं. कान कमी असलेल्या गवळ्यानं सकाळ-संध्याकाळ गायीच्या मागं उभं राहून सोट बघावा, दुसऱ्या जनावरावर उडते का बघावं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर तारखा टिपाव्यात. खरं तर ही सवय चांगला कान असणाऱ्यालाही फायद्याचीच.

रस्त्याला मात्र जिवाशी गाठ आहे. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस पळतात. पायी जाणाऱ्यानं रस्त्याच्या उजव्या कडेनं चालावं, म्हणजे समोरून येणारी गाडी डोळ्याला दिसते. डाव्या कडेनं चाललं तर गाडी पाठीमागून येते आणि हॉर्नवर भरवसा ठेवावा लागतो. तोच तर ऐकू येत नाही. मोटारसायकलला दोन्ही आरसे हवेतच. पोरं आरसे काढून ठेवतात, पण बापाच्या गाडीचे तरी काढू नयेत. बहिऱ्या माणसाला गाडीचा परवाना मिळत नाही असा समज आहे, तो आता खरा नाही. त्यांना परवाना द्यावा असं केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्यानं २०१६ मध्ये स्पष्ट केलं आहे.

कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यात उसात बिबट्या असणं आता बातमी राहिलेली नाही. चाहूल ऐकू न येणाऱ्यानं पहाटे-रात्री एकट्यानं पाणी पाजायला जाऊ नये. जावंच लागलं तर बॅटरी, काठी आणि सोबत कोणीतरी. उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करताना पाठ उसाकडं करू नये. शेजारच्या रानातल्याला आधीच सांगून ठेवावं, "मला हाक मारू नको, बॅटरी हलव." गावात पाच-सहा जणांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

वारीत आणि जत्रेत

कान कमी आला म्हणून वारी बंद केलेली माणसं गावोगाव आहेत. खरं तर वारी हा डोळ्यांनी चालणारा सोहळा आहे. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते. पुढं चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, मग तरडगाव, फलटण, बरड. रिंगणात घोडा धावतो तो बघायचाच असतो. मुक्कामाला समाज आरतीच्या वेळी चोपदारानं चोप वर केला की लाखभर माणूस गप्प होतं. कुणाच्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल तर तेवढीच टाळ वाजवत राहते. एवढी गर्दी एका काठीच्या खुणेवर चालते, मग बहिऱ्याला तिथं काय कमी? टाळ-मृदंगाचा ठेका पायांना लागतो, पुढच्याची पावलं दिसतात, आणि अभंग तर लहानपणापासून पाठ असतात.

अडचण येते ती चुकामूक झाल्यावर. म्हणून खिशात एक कार्ड असावं. त्यावर स्वतःचं नाव, दिंडीचा क्रमांक, ती रथापुढची की रथामागची, दिंडीप्रमुखाचा फोन, आणि "मला ऐकू कमी येतं, समोर येऊन बोला" एवढं मोठ्या अक्षरात. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालावं, कारण आषाढात पाऊस येणारच. कानाचं यंत्र असेल तर टाळांच्या अगदी मध्ये ते त्रास देतं. दिंडीच्या मागच्या अंगाला चालावं, नाहीतर तेवढ्या वेळापुरतं काढून डबीत ठेवावं. पावसात टोपडं किंवा इरलं असलं तरी यंत्राचा भरवसा धरू नये.

जत्रेतल्या कुस्त्यांचं तर काय सांगावं. कुस्ती हा कानाशिवाय खेळता येणारा आणि बघता येणारा खेळ आहे. हरियाणाच्या झज्जर जिल्ह्यातला वीरेंदर सिंह जन्मापासून ऐकू शकत नाही. लोक त्याला 'गूंगा पहिलवान' म्हणतात. त्यानं मूकबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये २००५ ला मेलबर्नला, २०१३ ला सोफियाला आणि २०१७ ला सॅमसनला सुवर्णपदक आणलं. २०२१ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. नुसत्या मूकबधिरांशीच नव्हे, ऐकू येणाऱ्या पैलवानांशीही तो दंगलीत लढला. पंचाची शिट्टी ऐकू येत नाही, तर हाताची खूण बघून थांबायचं. मूकबधिरांचं हे ऑलिंपिक १९२४ मध्ये पॅरिसला सुरू झालं, म्हणजे त्यालाही शंभर वर्षं झाली. कुंडलच्या मैदानाला लोटणाऱ्या गर्दीत कमी ऐकू येणारा एखादा दर्दी असतोच. त्याचं चुकतं ते फक्त निवेदकाचं बोलणं : कोण कुणाशी, कुठल्या तालमीचा, इनाम किती. शेजारच्यानं मोबाईलवर चार अक्षरं लिहून दाखवली तर त्याचं मैदान पुरं होतं. (जाता जाता : पैलवानाचा मोडलेला कान म्हणजे बहिरेपण नव्हे. तो बाहेरचा कान असतो. आतला बहुतेक शाबूत असतो.)

बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं १८ मे २०२३ च्या निकालात कायमची वाट मोकळी केली, आणि आता आठवड्याला कुठं ना कुठं मैदान असतं. इथं कमी ऐकू येणाऱ्यानं हट्ट करू नये. फाटीच्या कडेला उभं राहिलं आणि बैल बाहेर पडले तर "बाजूला व्हा" ही ओरड त्याच्यापर्यंत पोचणार नाही. आडोशामागं, सुटणाऱ्या गाड्या समोर दिसतील अशा बाजूला जागा धरावी आणि नातवाला शेजारी घ्यावं.

कास, ठोसेघर, चाळकेवाडी

सुट्टीला घरातली तरणी पोरं कासला फुलं बघायला निघतात आणि आजोबांना "तुम्हाला काय कळणार तिथं" म्हणून मागं ठेवतात. फुलं ऐकायची नसतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर पठार फुललेलं असतं, गाइड काय सांगतो ते एकानं थांबून, तोंड समोर करून परत सांगितलं की झालं.

यंत्र घालणाऱ्याला पठारावर खरा त्रास वाऱ्याचा. चाळकेवाडीला पवनचक्क्या उभ्या केल्या त्या उगाच नाहीत. वारा यंत्राच्या माइकवर घासला की कानात नुसता घोंगाट होतो, आणि माणूस वैतागून यंत्र खिशात टाकतो. कानावरून पातळ सुती रुमाल किंवा पदर घेतला तर तो पुष्कळ कमी होतो. वाऱ्याकडं पाठ करून उभं राहावं, बोलणाऱ्याला आडोशाला घ्यावं. जेवायला बसताना ओळीत न बसता गोल बसावं, म्हणजे प्रत्येकाचं तोंड दिसतं. ऊन आजोबांच्या पाठीमागं असावं, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडावा.

विहिरीत पोहायचं असेल तर दोन गोष्टी. यंत्र काठावर, डबीत. आणि कान फुटका असेल तर पोहणं बंद, मग उन्हाळा कितीही असो. फुटक्या कानाच्या पोरानं अंघोळीलाही व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा घालावा.

घरात

घरातल्यांनी एवढं केलं तरी निम्मं काम होतं. आधी नाव घ्यावं किंवा खांद्याला हात लावावा, त्यांनी बघितलं की मगच बोलावं. चुलीजवळून, पाठमोरं, तोंडात घास असताना बोलू नये. टीव्ही बंद करून बोलावं. एक वाक्य दोनदा सांगूनही कळलं नाही तर तेच तिसऱ्यांदा न ओरडता शब्द बदलावेत. "सात" कळत नसेल तर हाताची बोटं दाखवावीत. आकडे, तारखा, औषधाची वेळ कागदावर लिहून द्यावी.

आणि एक शब्द घरातून हद्दपार करावा : "काय न्हाय, जाऊ द्या." तात्या विचारतात "काय म्हनला?" आणि सून म्हणते "काय न्हाय." बोलणं किरकोळच असतं, भाजीत मीठ जास्त झाल्याचं. पण दिवसातून दहा वेळा "जाऊ द्या" ऐकणाऱ्याला कळतं की आता घरात आपल्याला सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. मग तो विचारायचं सोडतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं २०२० मध्ये, म्हातारपणी विसरभोळेपणा येण्याच्या टाळता येणाऱ्या कारणांत कमी ऐकू येणं धरलं आहे. बोलणं तुटलं की डोकंही मंद होत जातं, हे घराघरात दिसतंच.

बाईमाणसाचं आणखी अवघड. पुरुषाला कमी ऐकू आलं तर डॉक्टरकडं नेतात, सासूबाईंना आलं तर "वयच झालंय" म्हणतात. आजी कानानं अधू झाली की आधी तिचा फोन सुटतो. लेकीशी बोलणं हीच तिची करमणूक असते. तिला व्हिडिओ कॉल लावून द्यावा, ओठ दिसले की अर्धं बोलणं समजतं. वाचता येत असेल तर अँड्रॉइड मोबाईलवर 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' नावाचं फुकट अ‍ॅप आहे. समोरचा बोलेल ते पडद्यावर अक्षरात उमटतं, मराठीतही. रेंज नसली की रडतं, आणि आपल्या गावरान बोलीची कधी कधी चेष्टा करून ठेवतं, पण दवाखान्यात, बँकेत कामाला येतं.

लग्नात जागा बघून बसावं. स्पीकरपासून लांब, भिंतीला पाठ लावून, चांगला कान माणसांकडं करून. पारावरही तसंच. मधली जागा आणि तोंडावर उजेड मिळाला तर माणूस गप्पांत टिकतो.

यंत्राचं काय

पहिलं पाऊल तपासणी. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, मिरज-सांगलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. कानाच्या ओपीडीचा आणि ऐकण्याच्या तपासणीचा वार आधी विचारून जावं, हेलपाटा वाचतो. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून शिट्ट्या ऐकवतात आणि आलेख काढतात. या आलेखावरच यंत्र बसवायचं असतं. मोबाईलवर जाहिरात बघून हजार-पाचशेचं जे मागवतात ते नुसतं आवाज वाढवणारं खेळणं असतं. त्यानं गोंगाटही तेवढाच वाढतो आणि चार दिवसांत ते फडताळात जातं. मग "यंत्राचा काय उपेग न्हाय" ही बातमी गावभर होते.

चांगलं यंत्रही चष्म्यासारखं लगेच लागत नाही. वर्षानुवर्षं शांततेची सवय झालेल्या डोक्याला भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, स्वतःची पावलं सगळं एकदम ऐकू आलं की नको होतं. सुरुवातीला घरात, एका माणसाशी बोलताना, रोज दोन-तीन तास घालावं. मग टीव्ही, मग ओसरी, मग बाजार. दीड-दोन महिने लागतात. या काळात एक-दोनदा परत जाऊन आवाज जुळवून घ्यायचा असतो, आणि नेमका तोच हेलपाटा लोक टाळतात.

शेतात घाम आणि धूळ हे त्याचे वैरी. औषध फवारताना काढून ठेवावं. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत टाकावं. हेल्मेट, मास्क काढताना यंत्र उडून पडतं, म्हणून दोरी लावून कॉलरला अडकवावं. उसात पडलेलं यंत्र परत सापडत नाही. बॅटरीच्या पाकिटाचा रंग लक्षात ठेवावा : १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. वरचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यावी, मग घालावी. आणि ही बटणासारखी बॅटरी लहान पोराच्या हाताला लागू देऊ नये. गिळली तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना.

पैशाचं म्हणाल तर यंत्र काही हजारांपासून लाखाच्या पुढंपर्यंत आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये खात्यावर देण्याची तरतूद आहे. त्यात श्रवणयंत्रही येतं. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत आणि एडिप योजनेत शिबिरं भरवून यंत्रं दिली जातात. एडिपसाठी ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. यूडीआयडी कार्डासाठीही तीच तपासणी होते. २०१६ च्या कायद्यानं दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट असेल तर 'कमी ऐकू येणारा' आणि ७० असेल तर 'बहिरा' धरतात. म्हणजे एक कान चांगला असेल तर दाखला मिळत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. लहान मुलांना मात्र एडिपमधून कॉक्लिअर इम्प्लांटच्या ऑपरेशनलाही मदत मिळते. त्याला वयाची अट आहे, म्हणून पोर "उशिरा बोलंल, त्याचा बा पण उशिरा बोलला हुता" म्हणून वर्षं घालवू नयेत. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र, असा डॉक्टरांचा नेम आहे. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या आरबीएसकेच्या पथकाला विचारलं तर ते पुढची वाट सांगतात.

पूर आला तर

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीकाठच्या गावांना रात्री-अपरात्री घरं सोडावी लागली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघरला डोंगर खाली आला. अशा वेळी भोंगा वाजतो, दवंडी देतात, दार ठोठावतात, फोन करतात. एकट्या राहणाऱ्या, यंत्र काढून झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. पावसाळ्याआधी ग्रामपंचायत, पोलीस पाटील आणि आशाताई मिळून वाडीवार याद्या करतात. त्या यादीत अशा घरापुढं खूण करून घ्यावी, आणि शेजारच्या दोन घरांना आतून कडी न लावलेलं दार कुठलं हे सांगून ठेवावं. अशा माणसानं मोबाईल व्हायब्रेटवर करून उशीखाली ठेवावा, बॅटरी उशाला ठेवावी. आणि यादीत फोन नंबराशेजारी लिहून घ्यावं : हाक मारून उठणार नाहीत, आत जाऊन हलवावं लागेल.